कोरी नळी

ठिपके लाल उगवले होते. एनिफा नाझोम्बेने प्लेटचं झाकण परत लावलं, प्लेट उलटी करून मागचं लेबल वाचलं. अक्षर तिचंच होतं, नळी क्रमांक तीन, दिवस तीनशे चाळीस. तिने झाकण पुन्हा उघडलं. ठिपके लालच होते, चांगले टपोरे, पोटभर जेवल्यासारखे, आणि ते पांढरे असायला हवे होते. या जंतूला या प्लेटमधली साखर पचत नाही म्हणून तो पांढरा उगवतो, हे त्या इमारतीत फरशी पुसणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. एनिफाने चार नंबरची प्लेट उघडली, मग पाचची, मग सहाची. तिन्ही लाल. एक आणि दोन मात्र पांढऱ्या, शहाण्या मुलींसारख्या. खोलीत इनक्युबेटरची घरघर चालली होती, बाहेर कुणीतरी जाकारांडाची फुलं झाडत होतं, खराट्याचा आवाज अगदी संथ येत होता, आणि एनिफाच्या जिभेवर पत्र्याची चव आली. तीन, चार, पाच, सहा. याच त्या चार नळ्या होत्या. दुसऱ्या कुठल्या असत्या तर चाललं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला त्या मनाची लाज वाटली.

गेले अकरा महिने रोज सकाळी नऊ वाजता ती एकच काम करत आली होती. सहा नळ्यांत ताजं सूप, म्हणजे जंतूंचं पातळ पिवळसर अन्न. कालच्या नळीतला एक थेंब आजच्या नळीत. झाकण, आणि इनक्युबेटरचं दार. रविवार नाही, नाताळ नाही. जंतू रस्त्यापलीकडच्या इस्पितळातल्या आजारी लेकरांच्या रक्तातून आलेले. वीस वर्षांपूर्वी ते एका स्वस्त औषधाला दाद देईनासे झाले, म्हणून ते औषध माळ्यावर गेलं आणि नवं, महागडं आलं. आता ब्लँटायर शहरात ते नवं औषध कधी असे, कधी नसे. या महिन्यात नव्हतंच. तेव्हा प्रश्न असा होता, की जुन्या औषधाशी ज्यांची वीस वर्षांत गाठ पडली नाही ते जंतू त्याच्याशी झुंजायची विद्या विसरले असतील का? अशी विद्या फुकट मिळत नाही. ती बाळगायला जंतूला जास्त खावं लागतं, जास्त राबावं लागतं, भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून फिरावं तसं. थंडी उरलीच नाही तर कुणीतरी एक जण गोधडी टाकणार, हलका होऊन पुढे पळणार, आणि बघता बघता नळीत त्याचीच प्रजा होणार. ऑगस्टमध्ये एनिफाच्या चार नळ्यांनी गोधडी टाकली. जुन्या औषधाची चिमूटभर पूड पडली आणि चारही नळ्यांतले जंतू झाडून मेले. त्या दिवशी प्रोफेसर काम्वेंडोंनी तिचे दोन्ही हात धरले, आणि काम्वेंडो म्हणजे एरवी हात मिळवतानाही घड्याळ बघणारे गृहस्थ. सूप शिजवणाऱ्या बाम्बो लुकांच्या बायकोने थोब्वा, मक्याचं गोड पेय, पाठवलं. सगळ्यांनी मिळून एनिफाला नाव ठेवलं, विसराळू जंतूंची आई. तिची पस्तिशी आली होती आणि लेकरू नव्हतं, त्यामुळे त्या नावात टोचणी होतीच, पण ती हसली. तिच्याकडे बाईला तिच्या पोराच्या नावानेच हाक मारतात. आपल्याला निदान कुणाच्या तरी नावाने हाक आली, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आज दोन वाजता वॉर्डात बैठक होती. मुलांच्या वॉर्डाच्या डॉक्टर म्सोवोया जुनं औषध पुन्हा सुरू करणार होत्या. खोकी येऊन पडली होती. खरं तर वॉर्डातला एकेक जंतू त्या औषधाला मरतो का हे आधी तपासायचं, पण त्या तपासाच्या कागदी टिकल्या आता कुणी बनवत नाही. खास सांगून मागवल्या तर त्या बैरा बंदरात कुठल्याशा बोटीत अडकून बसल्या होत्या. एनिफाच्या नेहमीच्या प्लेटाही त्याच बोटीत होत्या. म्हणूनच काल बाम्बो लुकांनी फडताळाच्या तळातून हा जुना गठ्ठा काढून दिला, ज्यात साखर असते आणि लाल-पांढरं कळतं. नेहमीच्या प्लेटांवर सगळेच ठिपके सारखे दिसतात. बोट वेळेवर आली असती तर आज सकाळ नेहमीसारखी गेली असती, तिने न्याहारी केली असती, दोन वाजता वॉर्डात जाऊन पहिल्या रांगेत बसली असती.

ती हात धुवायला उठली. हात स्वच्छ होते, तरी धुतले. शिकलेल्या माणसाचं मन मोठं वकील असतं, ते लगेच उभं राहिलं. जंतूंना नवी साखर पचायला लागू शकते, असं होतं, पुस्तकांत आहे. अकरा महिने म्हणजे त्यांच्या दोन हजारांवर पिढ्या. एवढ्या काळात माणसं काय काय खायला शिकली. पण चारही नळ्यांत? नेमक्या चार, आणि त्याच चार? साबण बोटांवरून निसटून बेसिनमध्ये गेला. वकील अजून बोलत होता, पण त्याचा आवाज बसला होता. लाल उगवणारा, साखर पचवणारा आणि कुठल्याही औषधाला निमूट मरणारा एक जंतू या खोलीत होताच. तिच्या डाव्या हाताला, लाकडी स्टँडमध्ये, अकरा महिने. कंपनीकडून कुपीत येणारा, कधी कुणाला आजारी न पाडलेला, पाळीव. औषधाची पूड चांगली आहे की शिळी झाली हे बघायला रोज थोडी त्याच्यावर टाकायची. मेला की पूड चांगली. सगळे त्याला परीक्षेचा बोका म्हणत. तो बोका नळ्यांत शिरला होता. अंगावर गोधडी नाही, पाठीवर ओझं नाही, सूप आयतं. इस्पितळातल्या थकल्याभागल्या जंतूंना त्याने दोन महिन्यांत हुसकून लावलं असणार. ते काहीच विसरले नव्हते. जिथे ते अजून होते, एक आणि दोन नंबरच्या नळ्यांत, तिथे त्यांना सगळं पाठ होतं. पलीकडे वॉर्डातही असेलच.

आणि हे कधी झालं हे शोधायची गरज नव्हती. रजिस्टर कोपऱ्यातल्या टेबलावर होतं, निळ्या पुठ्ठ्याचं. तिने तिकडे बघायचं टाळलं, मग बघितलं, मग जाऊन ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं, जसं काही पुठ्ठ्याला डोळे आहेत. सहा नळ्यांच्या शेजारी रोज एक सातवी नळी असे. तिच्यात सूप असे, जंतू नसे. ती कोरी नळी. तिचं काम एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ दिसणं. ती गढुळली तर समजायचं, सुपात कुणी उपरा शिरला. मग आजच्या सहाही नळ्या ओतून द्यायच्या, फ्रीजमधल्या कालच्या काढायच्या, सूप नवं शिजवायचं, सगळं पहिल्यापासून. चार तासांचं काम. स्वच्छ आहे की नाही हे बघायला काळ्या रेघांचं एक पांढरं कार्ड असे. नळीच्या मागे ते धरायचं, रेघ धारदार दिसली की बरोबरची खूण. तीनशे चाळीस दिवसांत तीनशे चाळीस खुणा. त्यांतल्या तीनशे एकोणचाळीस खऱ्या होत्या.

जून महिना होता, दिवस दोनशे तेरा. ती हूडसमोर, म्हणजे जंतूकामाच्या काचेच्या कपाटासमोर, बसली होती, हातात पिपेट, पिपेटमध्ये परीक्षेचा बोका, आणि फोन वाजला. आई होती. आई रडत नव्हती, त्यावरूनच कळलं. मामाने कालपासून पाणी घेतलं नाही, म्हणाली, आणि फोन ठेवला. एक आणि दोन नळ्यांत सूप घालून झालं होतं, पुढच्यांसाठी एनिफाने तीच पिपेट सुपाच्या बाटलीत घातली. त्या क्षणाचं तिला काही आठवत नव्हतं, इतके दिवस तो क्षण नव्हताच. पण आता बेसिनपाशी उभी असताना तिच्या उजव्या अंगठ्याला आठवलं की पिपेटचं टोक बदलायचा तो लहानसा झटका त्या दिवशी त्याने दिलेला नव्हता. रात्री मामा गेला. एनिफाच्या माणसांत घर आईकडून चालतं. बाप हा आला-गेला पाहुणा, घराचा धनी आईचा भाऊ. कोणी शिकायचं, कुणाचं लग्न कुठे, कोणत्या भाचीला शेताचा कुठला तुकडा, सगळं मामाच्या तोंडून. आणि मामाला एक खोड होती. कुणाच्याही मातीला गेला की हातात काठी धरून सगळ्यात मागे बसायचा आणि कोण आलं नाही ते लक्षात ठेवायचा. त्याला विसरणं ठाऊक नव्हतं. धाकटी मावशी गेली तेव्हा एनिफाची परीक्षा होती, ती गेली नाही. मामा तिच्याशी दोन वर्षं बोलला नाही. घरी आली की तिच्या आईला विचारायचा, ही कोण आलीय? ती समोर उभी असताना विचारायचा. तिने कितीदा गुडघे टेकून क्षमा मागितली, तो तिच्या खांद्यावरून पलीकडे कोंबड्यांकडे बघत राहायचा. पुढे बोलायला लागला ते जणू काही झालंच नाही अशा थाटात, पण तेव्हापासून एनिफाने एकही माती चुकवली नाही.

दोनशे चौदाव्या दिवशी सकाळी चिपेरोनी उतरली होती, ते डोंगरावरून येणारं थंड ओलं धुकं, ज्यात समोरचं फाटकही दिसत नाही. साडेसहाला ती प्रयोगशाळेत आली, लवकर उरकून निघायचं म्हणून. फाटकाबाहेर ट्रक उभा. ट्रकमध्ये तिच्याकडच्या बायका, डोक्यांना चितेंजेची रंगीत कापडं बांधलेल्या, घट्ट बसून भजनाचा सूर धरलेल्या. आवाज धुक्यातून येत होता आणि बायका दिसत नव्हत्या. मुलांजेपर्यंत दोन तास, तिथून गावची कच्ची वाट, दुपारी माती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिने कोरी नळी उचलली. नळीत काहीतरी होतं. फार नाही, तांदळाच्या तिसऱ्या पाण्याइतकं. कार्ड समोर खिळ्याला लटकत होतं, हात लांब केला की मिळालं असतं. तिने हात लांब केला नाही. तिने नळी खिडकीसमोर धरली, जिथे काचेच्या पलीकडे सगळं जगच गढूळ होतं, आणि धुक्यावर धरलेली नळी धुक्यासारखी दिसली. तिने नळी कोटाला पुसली. दव असेल, असं ती मोठ्याने म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं. मग ती मोठ्याने का म्हणाली, हे तिला तेव्हाही जाणवलं होतं. बाहेर हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. तिने खूण केली, नव्या बाटलीतल्या सुपाच्या सहा नळ्यांत सहा थेंब टाकले आणि पळाली. मातीला ती वेळेवर पोचली. सगळ्यांनी पाहिलं की ती आली. खड्डा खणणारे पुरुष शेवटची माती लोटत होते तेव्हा तिला रडू आलं आणि मनातून हलकंही वाटलं. सगळ्यात मागे काठी घेऊन बसायला आता कुणी नव्हतं.

पुढच्या चार महिन्यांत ती खूण तिला आठवली नाही असं नाही. ती अधूनमधून आठवायची, दाढेत अडकलेल्या बारीक काट्यासारखी. जीभ तिथे जायची आणि परत यायची. ऑगस्टमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हाही जीभ तिथे गेली होती. पण चार नळ्या मेल्या होत्या, प्रोफेसर हात धरून उभे होते, आणि ज्या गोष्टीने एवढी माणसं आनंदली ती खोटी कशी असेल, असं तिने स्वतःला बजावलं. आनंद हा पुरावा धरायला ती काही दूधखुळी नव्हती. तरी धरला.

बाम्बो लुका मागच्या खोलीत मोठ्या कुकरचे नट आवळत होते. तीस वर्षं ते जंतूंचं अन्न शिजवत आले होते आणि वाफेने त्यांच्या भुवया विरळ झाल्या होत्या. एनिफाने चारही प्लेटा त्यांच्या ओट्यावर मांडल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांनी पान्हा खाली ठेवला.

"जूनमधली ना?" ते म्हणाले.

एनिफा स्टुलावर बसली. तुम्हाला कसं माहीत, असं तिने विचारलं.

"तुम्ही गावाला गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती सुपाची बाटली उचलली. तळाशी ढग होता. ओतून दिली."

"मग बोलला का नाहीत?"

"वहीत बरोबरची खूण होती, अमायी. तुमच्या हातची. मी सूप शिजवणारा माणूस, मी तुमची खूण खोडू?" त्यांनी पान्हा पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "आणि तुम्ही मामाची माती करून आला होता. डोक्याचे केस काढलेले तुमचे. अशा माणसाला काय विचारणार?"

ती म्हणाली, की आज दोनला वॉर्डात बैठक आहे. ते म्हणाले, माहीत आहे. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी हलकेच सांगितलं, की नमुने परदेशी पाठवलेत, डिसेंबरात त्यांचा कागद येईल, त्यात तिथलं जंतू ओळखणारं मशीन आपोआपच सांगेल की हा जंतू तो नव्हे. मशीनने सांगितलं तर कुणाचं नाव येत नाही. चूक नळीची होते. पुढच्या वर्षी आपण पेन्शनवर जाणार आहोत हेही त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की एनिफाने नजर वळवली. ती त्यांना वाईट म्हणू शकली नाही. तिच्या मनात डिसेंबर त्यांच्या आधीच येऊन बसला होता. तो कागद कसा येईल, प्रोफेसर कसे कपाळावर हात मारतील, आपण कशा सगळ्यांबरोबर थक्क होऊ, चेहरा कसा ठेवू, हे सगळं तिने बेसिनपाशीच पाहून घेतलं होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर, दोन महिने. वॉर्डात रोज दोनतीन लेकरं रक्त नासून येतात. हा गुणाकार तिचं मन करत नव्हतं, पुन्हा पुन्हा पहिल्याच पायरीवर थांबत होतं.

अकराच्या सुमारास प्रोफेसर काम्वेंडोंचा फोन आला. ते लिलोंग्वेत होते, मंत्रालयात, आणि खुशीत होते. तिच्या नळ्यांची चित्रं त्यांनी मोठ्या पडद्यावर दाखवली होती. एका साहेबाने विचारलं, हे काम कुणाचं, तर आपण तिचं नाव घेतलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. एनिफाने मध्येच म्हटलं, सर, एक गोष्ट आहे. ते म्हणाले, परत आल्यावर, परत आल्यावर, आणि कुणाशी तरी हसत फोन ठेवून दिला. तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी त्या सुटकेची किळस आली. ती खुर्चीत बसून राहिली आणि तिला कारण नसताना तो ट्रक आठवत राहिला, परतीचा, अंधारातला. एक जाडजूड मावशी तिच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होती आणि एनिफाला आयुष्यात प्रथमच वाटलं होतं की आपण आपल्या माणसांत आहोत, आता आपल्याला कुणी ही कोण म्हणून विचारणार नाही. त्या खांद्यावरच्या ओझ्यासाठी तिने ती खूण केली होती. पुन्हा तसाच ट्रक, तसंच धुकं आलं तर आपण पुन्हा तेच करू, ही गोष्ट तिला इतकी स्पष्ट दिसली की तिने डोळे मिटले. दुपारी प्रयोगशाळेतल्या बायकांनी डबे उघडले, मक्याच्या न्सिमाचे पांढरे गोळे, सुक्या उसिपा मासळीचा वास. कुणीतरी हाक मारली, ये गं विसराळू पोरांच्या आई, आणि ती गेली, एक घास मोडला, बोटांत मळत बसली आणि तसाच ठेवून उठली. पोट बिघडलंय म्हणाली. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, तुझ्या नळ्यांतलं तर नाही ना गेलं, आणि सगळ्या हसल्या.

सव्वाला ती रस्ता ओलांडून इस्पितळात गेली. बैठकीआधी डॉक्टर म्सोवोयांना एकटीला गाठायचं, खोलीचं दार लावून घ्यायचं आणि सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. वाक्यही ठरलं होतं: तपासात एक शंका निघाली आहे. शंका हा शब्द तिला वाटेत सापडला आणि बरा वाटला, मऊ, कुणाचा नसलेला. डॉक्टर वॉर्डाच्या दारातच भेटल्या, उंच, किडकिडीत, रात्रपाळीने डोळे खोल गेलेले.

"बरं झालं लवकर आलात," त्या म्हणाल्या आणि एनिफाचं मनगट धरून तिला आत घेऊन चालल्या. "बैठक होत राहील. मी सकाळी सहालाच सुरू केलं. पोर फणफणलं होतं, दुसरं काही हाताशी नव्हतं. तुमच्या भरवशावर, अमायी."

वॉर्डात एकेका खाटेवर दोनदोन मुलं होती, खाली चटयांवर आया. खिडकीजवळच्या खाटेवर तीनेक वर्षांची पोर डोळे अर्धे मिटून पडली होती, हाताला पट्टी, पट्टीतून वर बाटलीकडे जाणारी नळी. छाती भराभर हलत होती. नाव फालेसी, डॉक्टर म्हणाल्या, आणि चटईवरच्या तिच्या आईकडे वळून मोठ्या आवाजात सांगितलं, की हे औषध ज्यांनी शोधून दिलं त्या याच. एनिफा म्हणणार होती, मी नाही. तेवढ्यात बाई उठली, कमरेचा चितेंजे सावरला, एनिफाच्या पायांपाशी गुडघे टेकले आणि हातांची ओंजळ करून हळू हळू टाळ्या वाजवू लागली, थोरांचे आभार मानतात तशा. आवाज फार नव्हता. एनिफा जन्मभर हे बघत आली होती, स्वतःही मामापुढे हे करत आली होती, पण आपल्यापुढे कुणी हे केलं की समोरच्याने काय करायचं असतं ते तिला आठवेना. समोरच्याने फक्त घ्यायचं असतं. उभं राहून घ्यायचं. तिला ते घेता आलं नाही. तिचे गुडघे आपोआप वाकले आणि ती चटईवर त्या बाईसमोर बसली. शंका हा शब्द तिने तोंडात शोधला. तो तिथे नव्हता.

"मला हात जोडू नका," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं होतं."

डॉक्टर वाकल्या. त्यांना वाटलं, तिला भोवळ आली.

"जूनमध्ये माझा मामा गेला," एनिफा म्हणाली. तिचं बोलणं बाईकडे होतं, डॉक्टरांकडे बघायची तिची हिंमत नव्हती. "ट्रक बाहेर उभा होता. नळी गढूळ होती, मी स्वच्छ लिहिलं आणि मातीला गेले. तिथून सगळं चुकलं. हे औषध या जंतूला मारतं असं मी सांगितलं ते चूक आहे. मारेल, नाहीतर नाही मारणार. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

शेजारच्या खाटेवरचं मूल कण्हलं. डॉक्टर म्सोवोया सरळ उभ्या राहिल्या. त्या ओरडतील असं एनिफाला वाटलं, निदान ओरडाव्यात असं वाटलं. पण त्या बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत होत्या, एक, दोन, तीन.

"मग आता मी हिला काय देऊ?" त्यांनी विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं, भाजी संपली तर काय करू असं विचारावं तसं.

खरं बोललं की पुढचं आपोआप सुचतं असं एनिफाला कुठेतरी वाटत आलं होतं. ती म्हणाली, की हे काढू नका, दुसरं काही मिळेपर्यंत हेच राहू द्या. कालचं हिचं रक्त आमच्याकडे आलंय, बाटलीत जंतू उगवलाय. टिकल्या नाहीत, पण कुपीच्या तळाशी जुन्या औषधाची थोडी पूड आहे. मी आत्ता जाऊन त्यावर लावते, उद्या सकाळी कळेल. हिचं तरी कळेल. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, एकदाच मान हलवली आणि तिच्याकडे न बघता, दुसरं औषध लिम्बेच्या मिशन इस्पितळात उसनं मिळतं का ते विचारायला फोनकडे गेल्या. त्यांची पाठ ताठ होती. आता त्या बैठकीत काय सांगतील, प्रोफेसर रात्री काय म्हणतील, आपल्या हातात उद्यानंतर पिपेट राहील का, हे सगळं एनिफाच्या समोर रांगेने उभं होतं, पण त्यातलं काहीही तिला अजून लागत नव्हतं.

फालेसीची आई गुडघ्यांवरच होती. तिला किती कळलं होतं कोण जाणे. नळी, गढूळ, स्वच्छ, हे तिच्यापर्यंत पोचलं नसावं. तिने पोरीच्या हाताकडे पाहिलं, मग एनिफाच्या चेहऱ्याकडे.

"आईचा भाऊ?" तिने विचारलं.

"आईचा भाऊ."

बाईने पुन्हा ओंजळ केली आणि दोनदा टाळी वाजवली, या वेळी आणखी हलकी, मयताच्या घरी वाजवतात तशी. "पेपानी," ती म्हणाली. फार वाईट झालं, एवढाच त्याचा अर्थ. जूनपासून प्रयोगशाळेत एनिफाला हे कुणी असं समोर बसून म्हटलं नव्हतं. तिनेच कुणाला सवड दिली नव्हती, दुसऱ्या दिवशी नऊला ती नळ्यांपुढे होती. तिने मान खाली घातली.

"मामाच्या मातीला गेलात ते बरोबरच केलंत," बाई म्हणाली. "न जाऊन कसं चालेल." तिने वाकून लेकीच्या कपाळावरचं ओलं फडकं उलटं केलं, गार बाजू खाली आणली आणि हात तसाच ठेवला. "पण मला कुणाच्या मातीला जायचं नाहीये, अमायी. उद्या लवकर या."